आतल्या बाजूचं धुकं

१

रविवारची जेवणं आटोपली की त्या घरात एक ठरलेलं नाटक होई. उस्तादांची बायको पर्स खांद्याला अडकवून दारात उभी राही आणि विचारी, "अहो, बसाल ना अण्णांजवळ?" उस्ताद पेपरातून मान वर न काढता म्हणत, "म्हणजे काय! तू जा बिनघोर." ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि रविवारची दुपारपाळी तिच्याच गळ्यात होती. तिची पावलं जिना उतरून गेली, की उस्ताद पेपर बाजूला ठेवत, वडिलांच्या खोलीत डोकावत आणि दार ओढून घेत. मग बाहेरून कडी लावत. अगदी हळूच. आवाज होऊ नये म्हणून त्या कडीला त्यांनी तेलसुद्धा दिलेलं होतं.

आता उस्ताद म्हणजे काही राक्षस नव्हेत. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या आणि दातांवर बसणाऱ्या टोप्या बनवून देणाऱ्या लॅबमध्ये ते कामाला होते. हात इतका बारीक, की तिथली सगळी मंडळी त्यांना उस्ताद म्हणत, आणि पुढे तेच नाव घरीदारी चिकटलं. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. दोनेक वर्षांपासून अण्णांचं विसरणं वाढत चाललं होतं. चांगला दिवस असला की मुलाला 'छोट्या' म्हणून हाक मारत. नसला की त्यालाच 'तुम्ही' म्हणत आणि पाहुण्याशी बोलावं तसं अदबीनं बोलत. एकदा अनवाणीच रस्त्यावर गेले, पेपरवाल्याने हाताला धरून परत आणलं. त्यानंतर ती कडी आली. बायकोला त्यांनी सांगितलं, दार वाऱ्याने आपटतं म्हणून बसवली.

पण अण्णा रस्त्यावर जातील ही भीती निम्मीच होती. उरलेलं निम्मं कारण बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर होतं. तिथे उस्ताद जपानचं युद्धातलं लढाऊ विमान बांधत होते. झिरो. खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाएवढं, दोन तळहातांवर मावेल असं. वरून गर्द हिरवं, पोटाला राखाडी, पंखांवर लाल गोळे. खोक्यातले प्लास्टिकचे सुटे भाग साच्यातून कापायचे, घासायचे, चिमट्याने धरून जोडायचे, आणि त्या तेवढ्या वेळात जगात दुसरं काही नाही असं वाटायचं. आठवडाभर लोकांच्या तोंडाची मापं आणि घरी आल्यावर वडिलांची औषधं, लंगोट, तेच तेच प्रश्न. रविवारची दुपार तेवढी माझी, असं ते स्वतःला बजावत. बजावावं लागत होतं, यातच काय ते आलं.

त्या दुपारी दारावर टकटक झाली. कुणी धडका मारल्या असत्या, हाका मारल्या असत्या, तर उस्ताद उठलेही असते. ही टकटक बोटाच्या पेराने, हलकेच, साहेबाच्या केबिनबाहेर उभं राहून वाजवावं तशी. थोडं थांबून पुन्हा. त्या अदबीनेच उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी रंगाच्या पिचकारीचा छोटा कंप्रेसर सुरू केला. त्याची घरघर लागली की बाकी काही ऐकू येत नाही. त्या दिवशी खरं तर रंगवायचं काहीच नव्हतं.

२

विमानात पायलट बसवायचा की नाही, यावर या छंदाच्या लोकांत दोन तट असतात. काही जण आसन रिकामं ठेवून वरची काच उघडी दाखवतात, म्हणजे आतली कारागिरी दिसते. उस्तादांनी आसनावर केसाएवढ्या ब्रशने पट्टे रंगवले होते, बकलांना चंदेरी ठिपका दिला होता, आणि एवढं करून त्यावर पायलट बसवून टाकला. अंगठ्याच्या पेराएवढा माणूस, एकाच तुकड्याचा, हात मांड्यांवर ठेवलेले. पट्टे त्याच्या पाठीमागे कायमचे झाकले गेले. का बसवला, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. रिकामी खुर्ची बघवली नाही, एवढंच.

मग पुढच्या रविवारी काच बसवायची वेळ आली. झिरोची काच लांबलचक, चौकटीचौकटींची, एखाद्या व्हरांड्यासारखी. ती चिकटवायला पांढरा, पाण्यात विरघळणारा गोंद घेतात, आणि तो वाळेपर्यंत दम धरावा लागतो. हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. उस्तादांनी काच चिमट्यात धरली आणि नेमकी टकटक झाली.

लवकर उरकावं आणि उठावं, असं मनात आलं. निदान नंतर त्यांनी स्वतःला तसं सांगितलं. हाताशी येईल ती ट्यूब घेतली, काचेच्या कडेला फिरवली, काच दाबून धरली. क्षणात चिकटली. तेव्हा ट्यूबकडे लक्ष गेलं. तो सुपरग्लू होता. लॅबमध्ये साच्यांसाठी वापरतात तो.

सुपरग्लूची वाफ निघते. ती बंद जागेत कोंडली की काचेला आतून पांढरी साय धरते, आणि आतून म्हटल्यावर पुसणार कोण? तासाभरात झिरोची काच दुधाळ झाली. पायलट धुक्यात गेला. ठिपक्याएवढं डोकं कसंबसं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान गाठलं. या मॉडेलांचं दुकान चालवणारा म्हातारा जिभेने तिखट होता. ऐकून तो आधी पोटभर हसला.

"सुपरग्लू? उस्ताद, तुम्हीसुद्धा? अहो, दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं!"

"झालं खरं. चूक झाली."

"पण बंद करायची एवढी घाई काय होती म्हणतो मी? कुणी पळून जाणार होतं का आतून?"

त्याने थट्टाच केली होती. उस्तादांच्या मात्र कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी नवी काच मागितली. सुटी मिळत नाही, तो म्हणाला. उखडून काढून आतून पॉलिश करा, दुसरा इलाज नाही. उस्ताद मान खाली घालून घरी आले.

३

आठवडाभर त्यांनी विमानाला हात लावला नाही. शनिवारी टेबल झाडताना सहज नजर गेली आणि ते थबकले.

डाव्या बाजूच्या एका चौकटीतलं धुकं गेलं होतं. सगळ्या चौकटीतलं नाही. मध्येच, तिळाएवढी गोलसर जागा स्वच्छ झाली होती, कडेला ओघळल्यासारखी. हिवाळ्यात खिडकीला वाफ धरते आणि आपण तळव्याने पुसून बाहेर बघतो, तशी.

उस्ताद तर्कशुद्ध माणूस. त्यांनी लॅबमधलं भिंग आणलं, दिवा जवळ ओढला. पायलट जागच्या जागी. हात मांड्यांवर. एकाच तुकड्यात ओतलेले हात, ते कुठे जाणार? ऊन लागलं असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. खिडकी पश्चिमेची आहे, उन्हाने साय सुटली असेल. विमान त्यांनी टेबलावरच, कपाटाच्या सावलीत सरकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कडी लावून टेबलाशी आल्यावर त्यांनी पुन्हा पाहिलं. पहिली जागा पुन्हा दुधाळ झाली होती आणि उजवीकडच्या चौकटीत नवी जागा स्वच्छ झाली होती. उजवीकडे म्हणजे अण्णांच्या खोलीच्या बाजूला. साय एकदा धरली की आपोआप जात नाही, आणि गेलेली परत येत नाही. हे उस्तादांना दुकानदाराइतकंच पक्कं माहीत होतं.

तेवढ्यात टकटक झाली. ते कंप्रेसर लावायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. भिंगाखाली, त्या उजव्या चौकटीत, स्वच्छ जागेच्या कडा अगदी हळूहळू पांढऱ्या होत होत्या, मग विरत होत्या, मग पुन्हा पांढऱ्या. कुणीतरी काचेला तोंड लावून श्वास घ्यावा तसं.

संध्याकाळी बायको आली. "बसला होतात ना?"

"हो तर."

"काय म्हणत होते अण्णा?"

"काही नाही. झोपलेच होते."

तिने चहा टाकला. टेबलावरचं ते दाखवावं, असं उस्तादांच्या ओठांवर आलं होतं. पण कधी पाहिलंत म्हणून तिने विचारलं असतं. दुपारी, टकटक झाली तेव्हा, असं सांगावं लागलं असतं. कसली टकटक? एकेक करत गोष्ट कडीपर्यंत गेली असती. भुताची गोष्ट सांगायला माणूस घाबरतो ते लोक हसतील म्हणून. उस्तादांना कुणी हसण्याची भीती नव्हती. त्यांनी चहा प्यायला आणि विमानावर खोकं पालथं घातलं.

४

त्याच्या पुढच्या रविवारी बायकोने रजा काढली आणि अण्णांना घेऊन दिवसभरासाठी बहिणीकडे गेली. "तुम्हीही जरा मोकळे व्हा," ती म्हणाली. "दर रविवारी अडकून पडता बिचारे." ते 'बिचारे' उस्तादांना दिवसभर खात राहिलं.

घरात कुणी नाही. अण्णांच्या खोलीचं दार सताड उघडं. उस्तादांनी खोकं उचललं आणि पातळ पातं घेऊन काचेची कड सोडवायला बसले. गोंद घट्ट. पातं शिरेना.

टकटक.

ते ताडकन उठले. खुर्ची मागे कलंडली. तीन ढांगांत अण्णांच्या दारात. खाट रिकामी, चादर नीट घातलेली, उशीला अण्णांच्या डोक्याचा खळगा. खिडकी बंद. उंबऱ्यात उभे राहून ते ऐकत राहिले. पुन्हा टकटक झाली. लाकडावर पेराने वाजवावं तशीच, तेवढीच हलकी, तेवढीच अदबीची. आवाज खोलीतून आला म्हणावं तर मागच्या टेबलावरून आल्यासारखा, टेबलावरून म्हणावं तर खोलीतून.

शेजारच्या घरात काहीतरी ठोकत असतील. पाण्याचा नळ असेल. लाकूड फुगलं असेल. एकेक कारण त्यांनी मनात उभं केलं आणि एकेक आडवं झालं.

मग भीती ओसरली आणि तिच्या जागी जे आलं ते जास्त वाईट होतं. आपण उठलो, त्यांच्या लक्षात आलं. पहिल्याच टकटकीला उठलो. खुर्ची पाडून धावत आलो. रिकाम्या खोलीसाठी. अण्णा आत असताना एकदाही उठलो नव्हतो.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं होऊन ते खाटेच्या कडेवर बसले. बाहेरच्या खोलीतला आवाज बराच वेळ चालू होता. त्यांना उठून कंप्रेसर लावायचंही धैर्य झालं नाही.

५

पुढच्या रविवारी कडी लावायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आठवडाभर ठरवलं होतं. बायको गेली. अण्णा खाटेवर बसून खिडकीबाहेर बघत होते, चांगला दिवस असावा, कारण त्यांनी वळून म्हटलं, "छोट्या, ऊन छान पडलंय बघ."

"हो अण्णा. आलोच मी."

आलोच. आधी ती काच उखडायची, विमान मोडायचं, कचऱ्यात टाकायचं आणि मग येऊन बसायचं, एवढाच बेत होता. पण विमान मोडताना अण्णा मागे येऊन उभे राहिले तर? काय करतोस म्हणून विचारलं तर? पाचच मिनिटं, उस्तादांनी मनाशी म्हटलं, आणि दार ओढून घेतलं. कडीवर हात गेला. सवयीने गेला.

कपाटाच्या सावलीत विमान तसंच होतं. खोकं उचललं आणि ते दचकून मागे सरले. काच लखलखीत होती. एकूण एक चौकट, आतून-बाहेरून, नव्यासारखी. आणि आतल्या आसनावर पट्टे दिसत होते. त्यांनीच रंगवलेले, केसाएवढ्या ब्रशने, बकलाला चंदेरी ठिपका दिलेले. मध्ये काहीही न येता दिसत होते. काचेची कड चारी बाजूंनी गोंदाने बंद होती. नखसुद्धा शिरलं नसतं.

टकटक झाली.

या वेळी ती विमानातून येत नव्हती, एवढं नक्की. उस्ताद धावले. कडी काढताना ती दोनदा बोटांतून निसटली.

अण्णा होते तिथेच होते. खाटेवर, खिडकीशी, हात मांड्यांवर. आता आधाराशिवाय त्यांना उठताही येत नाही, हे उस्तादांना त्या क्षणी आठवलं, आणि गेले कित्येक महिने आपण ते विसरलो कसे, याचं उत्तर सापडेना. दारापर्यंत येऊन टकटक करणं या माणसाला शक्यच नव्हतं.

"अण्णा, काय हवं होतं? वाजवलंत ना तुम्ही?"

"मी?" अण्णांना गंमत वाटली. "मी कशाला वाजवू? आत बसलेला माणूस दार वाजवतो का कधी?"

"मग दर रविवारी..."

"तू वाजवायचास की. बाहेरून." अण्णांचा आवाज साधा होता, तक्रारीचा लवलेश नव्हता. "मी म्हणायचो, ये. तेवढ्यात तुझं ते यंत्र सुरू व्हायचं. मी म्हणायचो, लाजतोय पोरगा आत यायला. येईल केव्हातरी."

उस्ताद खाटेजवळ खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी अण्णांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. "चुकलो," ते म्हणाले. "अण्णा, मी कडी लावायचो." अण्णांनी त्यांच्या केसांवर हात ठेवला. थोडा वेळ फिरवला. मग हात थांबला.

बाहेरून, उघड्या दाराच्या फळीवर, टकटक झाली.

"ये," अण्णा म्हणाले.

उस्तादांनी वर पाहिलं नाही. त्यांनी फक्त अण्णांचा चेहरा पाहिला. अण्णांची नजर आधी उंबऱ्यावर होती, खाली, मांजराचं पिल्लू आत यावं तशी. मग ती हळूहळू वर चढली. गुडघ्याएवढ्या उंचीवर आली, कंबरेएवढ्या, आणि शेवटी पुऱ्या माणसाच्या उंचीला येऊन थांबली. अण्णांचा चेहरा असा उजळला की उस्तादांनी तो तसा कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. खोलीत रंगाचा वास आला. ताज्या हिरव्या रंगाचा.

"किती वेळ उभं ठेवलं रे तुला," अण्णा म्हणाले. "बस. बस इथे."

खाट करकरली. अण्णांच्या पलीकडची गादी खाली दबली आणि तशीच राहिली. चादरीला सुरकुत्या पडल्या. उस्तादांना डोळ्यांच्या कोपऱ्यातून एक मांडी दिसली आणि तिच्यावर ठेवलेला हात, बोटं एकमेकांना चिकटलेली, ओतल्यासारखी. त्यांनी डोळे मिटले.

अण्णांनी त्यांच्या केसांवरचा हात काढून घेतला. मग खाली वाकून, अगदी अदबीनं, अनोळखी माणसाला अवघड जाऊ नये अशा बेताने ते म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबता का? राग मानू नका हं. आमचा छोट्या आलाय."

६

उस्ताद बाहेर आले. आपण कसे उठलो, ते त्यांना नंतर आठवलं नाही. दार त्यांनी ओढलं नव्हतं, तरी ते मागे लागलेलं होतं. आतून बोलण्याचा आवाज येत होता. अण्णा काहीतरी जुनं सांगत होते, भरभर, न अडखळता, आणि मध्येच दोघं हसत होते. अण्णांचं हसणं. दुसरंही ओळखीचं वाटत होतं, पण कुणाचं ते उस्तादांना आठवायचं नव्हतं.

खूप वेळाने जिन्यावर पावलं वाजली. बायको आत आली, पिशव्या खाली ठेवल्या आणि कान टवकारून उभी राहिली.

"अण्णा हसतायत?" तिचे डोळे भरून आले. "अगं बाई! कोण आलंय हो?"

उस्तादांनी तोंड उघडलं. सांगायचं म्हटलं तर कडीपासून सांगावं लागणार होतं, आणि ते सांगायलाही ते तयार झाले होते. "ऐक," ते म्हणाले. "आत जाऊ नकोस. आधी माझं ऐक."

पण ती दारापाशी गेलीसुद्धा. पाहुणा आत आहे म्हणून तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "येऊ का?"

"ये ना," आतून उत्तर आलं. अण्णांचा आवाज नव्हता. ती चमकली. मागे वळून तिने उस्तादांकडे पाहिलं. हा माणूस इथे उभा आहे आणि त्याचा आवाज आतून आला, हे तिला काही केल्या जुळेना. मग ते जुळवायचं तिने सोडून दिल्यासारखं वाटलं. ती आत गेली. दार लागलं.

"थांब!" उस्ताद धावले. त्यांनी दार ढकललं. ते हललं नाही. त्या दाराला आतून कडी नव्हती, कधीच नव्हती. असलेली एकुलती एक कडी बाहेर होती, त्यांच्या डोळ्यांसमोर, निघालेली. त्यांनी खांदा लावला. दाराच्या पलीकडे कपबशा वाजल्या, बायकोने काहीतरी विचारलं, कुणीतरी तिच्या थट्टेला थट्टेने उत्तर दिलं, आणि तिघं मोकळेपणी हसली.

हाका मारायला उस्तादांना तोंड राहिलं नव्हतं. कुणाच्या नावाने मारणार, आणि आत तर छोट्या होताच. त्यांनी हात उचलला आणि बोटाच्या पेराने, हलकेच, दार वाजवलं. थोडं थांबले. पुन्हा वाजवलं.

आतलं बोलणं क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.